पार्ट लोड नेहमीच स्वस्त? खुलासा

मुंबईतल्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘अख्खा ट्रक करू नका, पार्ट लोड नेहमी स्वस्त पडतो, आणि ई-वे बिल ट्रान्सपोर्टरच बघतो.’ (पार्ट लोड म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच ट्रकमध्ये आपला थोडा माल पाठवणं; ई-वे बिल म्हणजे माल वाहतुकीसाठी जीएसटीखाली लागणारं ऑनलाइन कागदपत्र.) दोन्ही गोष्टी अर्धवट आहेत.

पार्ट लोडचं भाडं नुसत्या काट्यावरच्या वजनावर ठरत नाही. लांबी, रुंदी, उंचीवरून काढलेलं वजन जास्त भरलं तर बिल त्यावर लागतं. प्लास्टिकच्या रिकाम्या बरण्यांचे खोके हलके, पण जागा खातात. त्यावर मशीद बंदरहून भिवंडीच्या गोडाऊनपर्यंत टेम्पो, दोन्हीकडची हमाली आणि बिल्टीचा (ट्रान्सपोर्टरच्या माल-पावतीचा) खर्च. हे सगळं धरून अख्ख्या ट्रकचं भाडं विचारा. माल अर्ध्याहून जास्त ट्रक भरत असेल तर हिशेब हमखास करून बघा. काच, चिनीमातीसारख्या मालाला तर मी अख्खा ट्रकच सांगेन, कारण वाटेत माल उतरवून पुन्हा चढवावा लागत नाही. चार-सहा खोक्यांना मात्र पार्ट लोडच बरा.

परराज्यात ५०,००० रुपयांवरचा माल पाठवताना सर्वसाधारणपणे प्रत्येक कन्साइनमेंटचं, म्हणजे एका खेपेत एकाला पाठवलेल्या मालाचं, वेगळं ई-वे बिल लागतं. ट्रान्सपोर्टरचं एकत्रित ई-वे बिल म्हणजे त्याच बिलांची यादी. नेहमीच्या आकाराच्या मालाला ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणून माल गोडाऊनमध्ये अडकला तर तारीख तपासा.