परराष्ट्रमंत्र्याला प्रश्न विचारणं म्हणे टाइमपास! त्या फॉरवर्डला उत्तर

सध्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात सांगायचं तर त्यात म्हटलंय की परराष्ट्रमंत्र्याला संसदेत बसवून खात्याच्या कामाबद्दल प्रश्न विचारणं हा शुद्ध टाइमपास आहे, त्या माणसाने जगाशी बोलायचं की खासदारांना उत्तरं देत बसायचं, तसंही परराष्ट्र खात्याचा सामान्य माणसाशी संबंध काय, उत्तरं बाबू लोक लिहितात आणि मंत्री नुसती वाचतो, कामाचं काही विचारलं की देशाच्या सुरक्षेचं नाव पुढे करतात, उरलेला वेळ गोंधळात जातो आणि चुकीचं उत्तर दिलं तरी कुणी विचारत नाही. खाली नेहमीप्रमाणे हात जोडलेले इमोजी आणि ‘सहमत असाल तर पुढे पाठवा’. सहमत नाहीये, म्हणून पुढे न पाठवता हे लिहितोय.

आधी वेळेचं बघू, कारण ते लवकर संपेल. लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास अकरा ते बारा आणि राज्यसभेत बारा ते एक (२०१४ च्या हिवाळी अधिवेशनाआधी तिथेही तो अकरालाच असायचा). खात्यांचे दिवस वाटून दिलेले असतात, परराष्ट्र खात्याचा अलीकडच्या अधिवेशनांत लोकसभेत शुक्रवार आणि राज्यसभेत गुरुवार. म्हणजे अधिवेशन चालू असताना आठवड्यातून दोनदा, तेही एकेक तास, आणि त्या तासात दुसऱ्या खात्यांचे प्रश्न पण असतात. लोकसभेच्या यादीत तारांकित म्हणजे तोंडी उत्तराचे २० प्रश्न असतात, त्यातले प्रत्यक्ष थोडेच पुकारले जातात, मग परराष्ट्र खात्याच्या वाट्याला एखाद-दोन आले तरी खूप झालं. शिवाय मदतीला राज्यमंत्री असतात, ते पण उत्तर देऊ शकतात. तर ‘संसदेत बसवून ठेवलंय’ वगैरे काही नाही.

आता मेसेजमधलं सगळ्यात अडाणी वाक्य, सामान्य माणसाशी काय संबंध. हे लिहिणाऱ्याने परराष्ट्र खात्याची उत्तरं कधी उघडून बघितली नसणार हे नक्की, कारण परराष्ट्र खातं म्हटलं की लोकांना शिखर परिषदा, हस्तांदोलनं आणि मंत्र्याच्या कडक उत्तराच्या रील्स आठवतात, पण खासदार जे विचारतात त्यात पासपोर्ट असतो, गल्फमध्ये अडकलेला कामगार असतो, मालकाने पासपोर्ट काढून घेतलेला असतो, पगार थकलेला असतो, परदेशातून मृतदेह आणायचा खर्च असतो, बोगस एजंट असतात. हे त्याच खात्याचं काम आहे.

उदाहरणं देतो. जुलै २०२४ मध्ये लोकसभेत विचारलं गेलं की परदेशात शिकायला गेलेल्या किती भारतीय विद्यार्थ्यांचे मृत्यू झाले. उत्तर आलं, पाच वर्षांत ६३३, त्यातले १७२ कॅनडात आणि १०८ अमेरिकेत. आजार, अपघात, हल्ले सगळं धरून. मुलाला परदेशी पाठवायला कर्ज काढून बसलेल्या आईबापांना विचारा या आकड्याचा त्यांच्याशी संबंध आहे का. फेब्रुवारी २०२३ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी राज्यसभेत वर्षवार तक्ता दिला की किती लोकांनी भारताचं नागरिकत्व सोडलं, २०११ मध्ये १ लाख २२ हजार ८१९ आणि २०२२ मध्ये २ लाख २५ हजार ६२०. टीव्हीवर या आकड्यांवरून किती चर्चा झाल्या आठवा, पण ते आले कुठून हे कुणी सांगितलं नाही. आले संसदेतल्या उत्तरातून.

आणि मार्च २०२५ चं राज्यसभेतलं उत्तर तर मला वाटतं प्रत्येकाने एकदा वाचावं. परदेशातल्या तुरुंगांत किती भारतीय आहेत? १० हजार १५२, कच्चे कैदी धरून. फाशीची शिक्षा झालेले पण ती अजून अमलात न आलेले किती? ४९, त्यातले २५ एकट्या यूएईमध्ये, ११ सौदीत, ६ मलेशियात, ३ कुवेतमध्ये, बाकी इंडोनेशिया, कतार, अमेरिका, येमेन प्रत्येकी एक. अशा उत्तरांत खातं आणखी एक गोष्ट नेहमी लिहितं, ती म्हणजे बऱ्याच देशांत प्रायव्हसीचे कायदे कडक आहेत, त्यामुळे कैद्याने स्वतः संमती दिल्याशिवाय तिथलं सरकार त्याची माहिती देत नाही. म्हणजे हा आकडा आपल्याला कळलेल्यांचा आहे. घरातला माणूस तिकडे अचानक फोन उचलायचा बंद झाला तर वकिलातीला तरी सगळं माहीत असेल असं आपण धरून चालतो, तसं नसतं. हे त्या एका रटाळ सरकारी परिच्छेदात सांगितलेलं असतं आणि हा प्रश्न विचारलाच नसता तर हा तक्ता आपल्यासमोर आला नसता.

आता बाबू लिहितात म्हणे. हो लिहितात की! त्यात लपवण्यासारखं काय आहे. तोंडी आणि लेखी दोन्ही प्रश्नांची नोटीस किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते ती याचसाठी, की प्रश्न खात्यात गेल्यावर संबंधित विभागाने वकिलातींकडून माहिती मागवायची, फाइल वर जायची, मंजुरी घ्यायची. नायजेरियात किती भारतीय नाविक अडकलेत हे मंत्र्याला तोंडपाठ असावं अशी अपेक्षा आहे का? मुद्दा हा आहे की लिहिलं कुणीही तरी उत्तर मंत्र्याच्या नावाने जातं आणि जबाबदारी त्याची.

हे किती अंगाशी येऊ शकतं याचा नमुना डिसेंबर २०२३ चा आहे. गाझातल्या हमासला दहशतवादी संघटना जाहीर करणार का असा अतारांकित म्हणजे फक्त लेखी उत्तराचा प्रश्न होता, नंबर ९८०. लेखी उत्तर साधं होतं, की अशी घोषणा यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली होते आणि ती संबंधित सरकारी खाती करतात. खाली नाव राज्यमंत्री मीनाक्षी लेखी यांचं. उत्तराची चर्चा सुरू झाल्यावर लेखीबाईंनी जाहीरपणे सांगितलं की असं प्रश्न आणि उत्तर असलेल्या कुठल्याही कागदावर मी सही केलेली नाही! मग खात्याच्या प्रवक्त्याला खुलासा करावा लागला की तांत्रिक दुरुस्ती हवी आहे, उत्तर देणारे मंत्री म्हणून नाव खात्याचे दुसरे राज्यमंत्री व्ही. मुरलीधरन यांचं पाहिजे होतं. मजकूर तसाच, नाव बदललं. आता बघा, कागद बिनमोलाचा असता तर कुणाच्या नावावर आहे याला एवढं महत्त्व आलं असतं का. खात्याची फजिती झाली ती झालीच, पण ती झाली कारण लेखी उत्तर रेकॉर्डवर राहतं.

आणि ‘नुसतं वाचतो’ हे पण अर्धंच. तारांकित प्रश्नाचं मूळ उत्तर पटलावर म्हणजे सभागृहासमोर ठेवलं की खरी गंमत पुरवणी प्रश्नांची, म्हणजे त्या उत्तरावर तिथल्या तिथे विचारायच्या प्रश्नांची. प्रश्नकर्त्याला दोन मिळतात, अध्यक्षांनी परवानगी दिली तर बाकीचे पण विचारतात, आणि ते आधी कळवलेले नसतात. मंत्र्याच्या हातात संभाव्य पुरवणी प्रश्नांची टिपणं असतात हे खरंय, जाडजूड असतात म्हणे, पण खासदार तयारीचा असेल तर टिपणाबाहेरचं विचारतोच. मंत्र्याला खात्याचं काम किती कळतं ते तिथे दिसतं.

सुरक्षेचं कारण देऊन टाळतात, हा मात्र मेसेजमधला एकमेव मुद्दा ज्यात दम आहे. सरसकट नाही, पण आहे. नियमांतच लिहिलंय की गोपनीय गोष्टी विचारता येत नाहीत, मित्रदेशाबद्दल अनादराने विचारता येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये चीनने प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडली का असा प्रश्न सुब्रमण्यम स्वामींनी राज्यसभेत दिला होता, तो राष्ट्रहिताचं कारण देऊन स्वीकारलाच नाही असं त्यांनी स्वतः जाहीर केलं, आणि तेव्हा ते भाजपचेच खासदार होते. मला हे चुकीचं वाटतं. सैन्य कुठे उभं आहे ते सांगू नका, पण प्रश्नच नको हे जरा जास्त झालं.

फक्त यावरून ‘मग विचारायचंच कशाला’ हा निष्कर्ष उलटा आहे. १९५९ चं बघा. नेहरू पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री दोन्ही होते, लडाखच्या अक्साई चीनमधून चीनचा रस्ता बांधून झाला होता १९५७ मध्येच, आणि देशाला त्याची खबर अधिकृतपणे कळली ती ऑगस्ट १९५९ मध्ये, ईशान्य सीमेवर लोंगजूला चीनशी चकमक झाली, सभागृहात सदस्य मागे लागले तेव्हा. सप्टेंबरमध्ये नेहरूंनी १९५४ पासूनचा चीनबरोबरचा पत्रव्यवहार श्वेतपत्रिका म्हणजे सरकारचा अधिकृत दस्तऐवज म्हणून संसदेसमोर ठेवला, मग एकामागून एक श्वेतपत्रिका निघत राहिल्या. सीमेपेक्षा नाजूक विषय कुठला असतो? तरी निघाला की बाहेर. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करार करायला सरकारला आधी संसदेची मंजुरी लागत नाही, हे लक्षात घेतलं तर परराष्ट्र खात्याला धरून विचारायच्या जागा मुळातच कमी आहेत, त्यातली ही एक पण सोडून द्यायची का.

गोंधळात तास जातो, हे खरं आहे आणि दोन्ही बाजूंचे लोक त्याला जबाबदार आहेत. पण तास बुडाला म्हणून उत्तरं बुडत नाहीत. पुकारले न गेलेले तारांकित प्रश्न लेखी धरले जातात आणि त्यांची उत्तरं छापली जातात, शिवाय लोकसभेत रोज २३० आणि राज्यसभेत १६० पर्यंत अतारांकित प्रश्न असतात त्यांचं सगळंच लेखी. सप्टेंबर २०२०, कोविडच्या काळात प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला तेव्हासुद्धा अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं चालू होती. बुडतात ते पुरवणी प्रश्न, आणि त्यात फायदा मंत्र्याचा होतो, खासदाराचा नाही. गोंधळ घालणाऱ्यांना हे कुणी समजावून सांगेल तर बरं होईल.

पैसे घेऊन प्रश्न विचारतात असंही एकाने त्या मेसेजखाली टाकलंय. २००५ मध्ये ते उघड झालं आणि ११ खासदारांची खासदारकी गेली. पण मग एक सांगा, प्रश्न जर इतके बिनकामाचे असतील तर त्यासाठी पैसे मोजणारे येडे होते का?

राहिलं चुकीच्या उत्तराचं. मंत्र्याने दिलेली माहिती चुकीची आहे असं वाटलं तर खासदार अध्यक्षांना लिहून ती नजरेला आणू शकतो, अध्यक्षांच्या निर्देश क्रमांक ११५ मध्ये तशी सोय आहे, मंत्री स्वतः पण दुरुस्तीचं निवेदन करतात, आणि जाणूनबुजून दिशाभूल केली तर हक्कभंग, म्हणजे सभागृहाचा हक्क मोडल्याची कारवाई. दुसरं म्हणजे ‘माहिती गोळा केली जात आहे, पटलावर ठेवली जाईल’ हे वाक्य. ऐकायला टोलवाटोलवी, पण त्याची आश्वासन म्हणून नोंद होते आणि तीन महिन्यांत ते पूर्ण करावं लागतं, नाही केलं तर खासदारांची सरकारी आश्वासन समिती मागे लागते. लोकसभेत ही समिती १९५३ पासून आहे. मुदतवाढ मागत मागत काही आश्वासनं वर्षानुवर्षं रेंगाळतात हेही खरं, पण त्यांची यादी असते, कोणत्या खात्याकडे काय बाकी आहे ते त्यात दिसतं.

ही सगळी उत्तरं संसदेच्या साइटवर आणि परराष्ट्र खात्याच्या साइटवर फुकट पडलेली आहेत, तारखेनुसार लावलेली. इंग्रजी-हिंदीत आहेत, मराठीत नाहीत, ही माझीही तक्रार आहे. मेसेज पाठवणाऱ्या दादांनी पुढच्या अधिवेशनातल्या कुठल्याही गुरुवारची चार उत्तरं उघडून वाचावीत आणि त्यातलं कुठलं टाइमपास वाटलं ते ग्रुपवर नंबरासकट टाकावं, त्याच्यावर बोलू.