माझा ठिपका त्या नकाशावर नाही

आज पहाटे साडेपाचला मिरजेहून दादाचा फोन. एवढ्या लवकर फोन म्हटल्यावर पोटात गोळाच आला, आईला काही झालं की काय. तसं काही नव्हतं. दादा म्हणाला, “अगं, तू राहतेस ते गाव लाल दाखवतंय.”

माझ्या भाचीला इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागलीय. हातात ऑफर लेटर आहे, व्हिसाचं काम सुरू आहे. आणि कुणीतरी दादाला एक वेबसाइट पाठवली. गावाचं नाव टाकायचं, की हजार माणसांमागे किती गुन्हे ते येतं आणि सरासरीच्या वर असेल तर गाव लाल. बॉस्टन लाल आलं. (अमेरिकेतलं नव्हे. इंग्लंडच्या लिंकनशायरमधलं, ज्याच्यावरून त्याला नाव पडलं ते.) “पोरीला पाठवू की नको?” इथपर्यंत ठीक. बापाचं काळीज आहे, विचारणारच. पण पुढे तो म्हणाला, “तिथं ते पूर्व युरोपातले लोक फार आहेत म्हणे, त्यांच्यामुळेच.”

हे ‘म्हणे’ कुठून आलं ते मला ठाऊक आहे. इथल्या आपल्याच लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून. तिथे माझं डोकं फिरलं. फोनवर फार तोडून बोलले. दादा, सॉरी. पण सांगायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून इथे लिहितेय.

२०१७ चा नोव्हेंबर. केअर होममधली लेट शिफ्ट संपवून पावणेदहाला निघाले. बस नव्हती. नदीकडून धुकं आलेलं, रस्त्यात कुणी नाही. मागे दोन पोरं लागली. पंधरा-सोळाची असतील. आधी नुसती हसत होती. मग ‘पी’वरून सुरू होणारी ती शिवी, जी इथे आपल्या रंगाच्या प्रत्येकाने एकदा तरी ऐकलेली असते. मग एक कॅन येऊन पाठीत बसला. मी पाय उचलले तशी तीही भराभर आली आणि एकाने मागून माझा स्कार्फ ओढला. स्कार्फ पिनेने कोटाला लावलेला होता, पीन गळ्याला घासली. मी पळत सुटले ती वेस्ट स्ट्रीटवर आले.

तिथे एका लिथुआनियन बाईंचं दुकान उघडं होतं. बाई दारातच झाडत होत्या. माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे बघितलं, आणि काही न विचारता दंडाला धरून आत ओढलं. दाराला कडी. एका खोक्यावर बसवलं. “सिट. सिट.” एवढंच इंग्रजी. बरणीतून काकड्या काढत असाव्यात, कारण त्यांच्या हाताला शेपूचा वास येत होता. मिरजेत आजीच्या हाताला यायचा तसा. मी तिथे जी रडायला लागले ती थांबेचना. त्यांनी काचेच्या ग्लासात काळा चहा दिला, वर लिंबाची चकती. ग्लास इतका गरम की हातात धरवेना. मग त्यांनी स्वतःचा ॲप्रन काढून त्याला गुंडाळून दिला. पोरं दहा मिनिटं बाहेर काचेवर टकटक करत उभी होती. बाई काचेशी जाऊन हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या. पोरं गेली.

मग त्यांच्या मुलाने मला व्हॅनमधून घरी सोडलं. व्हॅनमध्ये कोबीचा वास आणि मागे चिखलाने भरलेले गमबूट.

मी पोलिसात गेले नाही. आता विचाराल, का? व्हिसा रिन्यू व्हायचा होता, नवरा म्हणाला कशाला लफडं, आणि मलाही ते सगळं परत कुणासमोर बोलायचं नव्हतं. चूक केली का? केली असेन. पण त्यामुळे झालं काय, की माझ्या आयुष्यातला इथला सगळ्यात वाईट प्रसंग कुठल्याच आकड्यात नाही.

२०११ पासून इथे पोलिसांचा नकाशा सगळ्यांना खुला आहे. महिना निवडा, गल्ली निवडा, ठिपके दिसतात. ठिपका नेमक्या घरावर नसतो, जवळच्या रस्त्यावर सरकवलेला असतो, घरातल्यांची ओळख पटू नये म्हणून. त्या नोव्हेंबरात वेस्ट स्ट्रीटवर माझा ठिपका नाही. आणि पुढच्या वर्षी आमच्या ओळखीतल्या एकाला भांडणात धमकीचा मेसेज आला, त्याने तक्रार केली, ती मात्र ‘हिंसाचार’ या खात्यात जमा. हो, इथे हिंसाचारात असे मेसेजसुद्धा धरतात. एखादी बाई स्वतःच्या घरात नवऱ्याचा मार खाते तेही त्याच खात्यात, आणि त्याचा वाटा मोठा आहे. वेबसाइटवर हे सगळं एकत्र करून लाल रंग येतो, आणि मिरजेत बसून वाटतं की रस्त्यावर सुरे चालतायत.

आणि ते ‘हजारी’ प्रकरण. भागाकार करतात तो इथे राहणाऱ्या माणसांनी. पण बुधवार-शनिवारच्या बाजाराला, शनिवारी रात्री पबमध्ये, आसपासच्या खेड्यांतून किती माणसं येतात! त्यांचे गुन्हे मोजायचे, ती माणसं नाही मोजायची. शेतावर हंगामापुरते येणारेही त्यात पुरते कुठे येतात.

खुनाचं तर बघूच नका. देशात वर्षाला दहा लाख माणसांमागे साधारण आठ-दहा खून होतात. २०२१ च्या जनगणनेत आमच्या बरोची (म्हणजे गाव आणि आसपासचा भाग) वस्ती सत्तर हजारांच्या थोडी वर. म्हणजे सरासरीने इथे वर्षाला पुरता एकही येत नाही. एक झाला की आम्ही सरासरीच्या वर, दोन झाले की जवळजवळ तिप्पट. २०१६ साली पेपरवाल्यांनी बॉस्टनला इंग्लंड-वेल्समधलं सगळ्यात खुनी गाव ठरवलं, ते खून आणि खुनाचे प्रयत्न एकत्र करून, दरडोई हिशेबाने. त्याच वर्षी एका संस्थेने सांगितलं की देशात निरनिराळे समाज एकमेकांत सगळ्यात कमी मिसळलेलं गाव हेच. आणि त्याच जूनमध्ये ब्रेक्झिटच्या बाजूने मतांचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त इथेच होतं, ७५.६ टक्के. एका वर्षात तीन शिक्के. लोक अजून तेच तीन शिक्के घेऊन फिरतात.

दादा, २००९ आठवतं? गणपतीत मिरजेत दंगल झाली, कर्फ्यू लागला. त्यानंतर पुण्यात कुणी विचारलं, कुठले तुम्ही, आणि मिरज म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलायचा. तू किती चिडायचास! “मिरज म्हणजे काय नुसती दंगल का? सतारमेकर गल्ली नाही का, मीरासाहेबांचा दर्गा नाही का, अब्दुल करीम खाँसाहेब नाहीत का?” मग तूच आज दुसऱ्याच्या गावाला तेच करतोयस ना रे.

आणि ‘ते लोक’. काय पण बोलतो आपण! आपल्याला कुणी ‘हे इंडियन्स’ म्हटलं की झोंबतं, लगेच लांबलचक पोस्टी पडतात. माझ्या मित्रयादीतल्या कुणाला हे समजावून सांगायची गरज नाही, तुम्ही तसे नाही. पण गप्प बसता त्या ग्रुपवर. मीही बसले होते. ज्या पोरांनी माझा स्कार्फ ओढला ती इथलीच, शाळेच्या युनिफॉर्मवर जॅकेट चढवलेली, इथल्याच हेलात बोलणारी. आणि जिने दार उघडलं ती ‘ते लोक’.

म्हणजे इंग्रज वाईट असंही नाही, हे लिहिलंच पाहिजे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये साउथपोर्टमधल्या तीन लहान मुलींच्या खुनानंतर ठिकठिकाणी दंगली पेटल्या तेव्हा आमचे शेजारी आजोबा, ब्रेक्झिटला मत दिलेले आणि ते उघड सांगणारे, तीन दिवस मला बस स्टॉपपर्यंत सोडायला आले. “कम ऑन, डक” (‘डक’ म्हणजे इकडचं मायेचं ‘बाळा’) म्हणायचे आणि काठी टेकत पुढे चालायचे. त्यांच्याशी माझं राजकारणावर एका वाक्याचंही जमत नाही. आमच्या घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असते.

बरं, मान्य करायचं ते करते. दुकानांतल्या चोऱ्या वाढल्यात, देशभर वर्षाला पाच लाखांच्या वर नोंदी आहेत आणि इथेही डोळ्यांदेखत माणूस टोपली भरून निघून जातो. २०१० नंतर वीसेक हजार पोलीस कमी केले आणि २०१९ पासून परत भरले, ती मधली पोकळी गावांनी भोगली. शनिवारी रात्री अकरानंतर मी बाजार चौकात जात नाही. झालं.

पण एक गुन्हा इथे सगळ्यात जास्त आहे असं मला वाटतं आणि तो कुठल्याच नकाशात लाल दिसत नाही. पहाटे पाचला चौकात पांढऱ्या व्हॅन येतात. कोबी, फ्लॉवर, लीक काढायला माणसं भरून नेतात. अशी माणसं पुरवणाऱ्याला इथे गँगमास्टर म्हणतात, आपल्याकडे मुकादम म्हणतात. उचल दिल्यागत खोलीचं भाडं आधीच अंगावर, मग पगारातून कापायचं, व्हॅनचे पैसे कापायचे, एका खोलीत सहाजण झोपवायचे. ऊसतोडीची टोळी बघितलेल्या माणसाला यातलं काही नवीन नाही. २००४ मध्ये मोरकॅम्ब बेच्या वाळूत शिंपले वेचणारे किमान एकवीस चिनी मजूर रात्रीच्या भरतीत बुडून मेले, तेव्हा कुठे मुकादमाला परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. दुकानवाल्या बाई आधी अशाच एका व्हॅनमधून जायच्या. चार वर्षं. हे मला फार उशिरा कळलं, त्यांना जरा इंग्रजी आलं आणि मला जरा बसायला वेळ मिळाला तेव्हा. त्या रात्री मला दंडाला धरून आत ओढणाऱ्या बाईंना कुणी कधी आत ओढलं होतं का, हे मी विचारलं नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते. २०२२ चा जुलै. भर गावात, फाउंटन लेनमध्ये, नऊ वर्षांची मुलगी आईच्या कामाच्या ठिकाणाबाहेर खेळत होती. भोसकून मारलं तिला. लिथुआनियन कुटुंबातली. दिवसाउजेडी. दुसऱ्या दिवशी मी फुलं घेऊन गेले. दुकानवाल्या बाई आधीच तिथे होत्या. फुलांच्या ढिगात कुणीतरी शाळेतल्या पोराच्या अक्षरातली चिठ्ठी ठेवली होती, पावसाने शाई उतरू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली. बाईंनी माझा दंड धरला, त्याच जागी, आणि सोडला नाही. आम्ही दोघी काही बोललो नाही. गोरे, पोलिश, पोर्तुगीज, बुरखा घातलेली एक बाई, सगळे तसेच उभे.

दादा, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. हे झालं. त्याच्या पुढे मी “गाव सुरक्षित आहे” असं छातीठोक लिहू शकत नाही, आणि लिहिणारही नाही. पण त्या मुलीला एक अंक करून, भागाकार करून, तिच्यावरून तिच्याच आईबापांच्या लोकांना गुन्हेगार ठरवायचं? नाही. हे मी ऐकून घेणार नाही, तू म्हटलंस तरी.

इथे आकड्यांचा दुसराही एक हिशेब आहे. १९८२ पासून माणसं घरोघर जाऊन विचारतात, तुमच्यावर काय गुदरलं, पोलिसांना सांगितलं असो नसो. त्या पाहणीत चोऱ्यामाऱ्या १९९५ च्या सुमाराला शिगेला पोचल्या आणि तिथून खूप खाली आल्या. मला कुणी विचारायला आलं असतं तर मी सांगितलं असतं. खरंच सांगितलं असतं. चहाचं पण सांगितलं असतं.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या दोन पोरांचंही आज वाटतं, आता तेवीस-चोवीसची असतील, एखाद्याच्या कडेवर पोर असेल. आठवत असेल का त्यांना? मला ती काचेवरची टकटक अजून आठवते.

भाचीसाठी. बाळा, आत्या सांगतेय ते ऐक. नदीच्या कडेचा रस्ता अंधार पडल्यावर नको, दोन मिनिटं जास्त लागली तरी दुकानांच्या रस्त्याने यायचं. तातडीचं असेल तर ९९९, नाहीतर पोलिसांचा १०१, आणि काही झालं तर नोंदवायचं, माझ्यासारखं गप्प बसायचं नाही. व्हिसाबिसा काही मध्ये येत नाही, मी येते तुझ्याबरोबर. पहिले सहा महिने आमच्याकडेच राहायचं, यावर चर्चा नाही.

दुपारी शिफ्टच्या आधी दुकानात जाऊन आले. काळा पाव घेतला. बाईंना सांगितलं, भावाची मुलगी येतेय, नर्स आहे. त्यांनी हात पुसले आणि काउंटरमागच्या कॅलेंडरचं पान उलटून विचारलं, “विच डे?” तारीख अजून ठरली नाही म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं नाही.

दादा, तारीख कळव.