ब्रूनोला आम्ही आमच्याकडचं चिकन दिलेलं नाही: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू वाचला. चवथीला (गणेश चतुर्थीला) गावी जाताना तुम्ही तुमच्या बॉक्सर कुत्र्याला, ब्रूनोला, नऊ रात्री आमच्याकडे सांभाळायला ठेवलं होतं. न्यायला आलात तेव्हा त्याचं पोट लाल झालेलं आणि पंजे चाटून चाटून ओले. तुम्ही लिहिलंय की फॉर्मवर ॲलर्जी स्पष्ट लिहूनही आम्ही त्याला चिकन घातलं, पंजे चाटायची सवय त्याला इथेच लागली, आणि घरी कधीच काही न चावणाऱ्या कुत्र्याने गादी फाडली म्हणून वर ९०० रुपये घेतले.

त्याला त्रास झाला त्याबद्दल मनापासून माफी मागते. मुका जीव तुम्ही आमच्या भरवशावर सोडून गेला होता.

पण चिकनबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. चवथीत आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो. माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांची आरास) बांधल्यापासून विसर्जन होईपर्यंत घरात मांस-मासळी येत नाही, आणि मागच्या शेडमध्ये कुत्र्यांचा भात शिजतो तिथेही येत नाही. ज्यांच्या कुत्र्यांना मांस लागतं ते आपापलं कोरडं खाणं आणून देतात. ब्रूनोला तुम्ही दिलेलं साल्मनचं खाणं सकाळ-संध्याकाळ वाटीने मोजून घातलं. उरलेलं पाकीट तुम्ही परत नेलंत, म्हणजे हिशोब तुमच्याकडेही आहे.

त्याच पिशवीत दात साफ करायच्या काड्यांचं एक हिरवं पाकीट होतं आणि तुमच्या अक्षरातली चिठ्ठी: 'रोज संध्याकाळी १ काडी द्यावी, नाहीतर चावत सुटतो.' चिठ्ठी आमच्या वहीला अजून टाचलेली आहे. पाचव्या दिवशी काडी द्यायला गेले तर तो पाय फाकवून मांडीचा आतला भाग दातांनी कुरतडत होता. मनात काय आलं कोण जाणे, चष्मा लावून पाकिटाची मागची बाजू वाचली. पुढे पुदिन्याचं पान छापलेलं, मागे मुंगीएवढ्या अक्षरात गहू, स्टार्च आणि त्यानंतर चिकन मील, म्हणजे चिकनची पूड. पाकिटाच्या पुढच्या बाजूला चिकनचं नावही नाही, त्यामुळे तुम्हाला ते कळलं नसेल तर मी तुम्हाला दोष देत नाही. मलाही पहिले चार दिवस कळलं नाही. सामान घेतानाच वाचायला हवं होतं, ही चूक माझी. पण 'चिकन घातलं' असं चारचौघांत लिहिण्याआधी एकदा फोन करून विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आणि पंजे. ब्रूनो आला त्या संध्याकाळी, २५ ऑगस्टला, वहीत लिहिलंय: 'पुढचे दोन्ही पंजे तांबूस, डावा कान मळलेला.' गेटपाशी काढलेल्या फोटोतही दिसतं. त्याचे चारही पाय खाली मोजे घातल्यासारखे पांढरे आहेत, पण पुढच्या पायांच्या बोटांमधले केस गंज चढल्यासारखे झाले होते. तो रंग लाळेचा. कुत्र्याच्या लाळेत पोर्फिरिन नावाचं द्रव्य असतं, पांढरे केस रोज चाटून ओले राहिले की त्याचा डाग बसतो. एका संध्याकाळीत तो येत नाही, त्याला आठवडे लागतात. म्हणजे ब्रूनो आमच्याकडे यायच्या कितीतरी आधीपासून पंजे चाटत होता, ताई.

अकरा वर्षं हे काम करतोय आणि बॉक्सर बरेच सांभाळलेत, म्हणून थोडं सांगते. या जातीत कातडीची ॲलर्जी बरीच आढळते आणि बहुतेक वेळा वयाच्या पहिल्या तीन वर्षांत डोकं वर काढते. माणसासारख्या शिंका कमी, खाजच जास्त: पंजे, काखा, पोट, कान. खाणं हे एक कारण झालं. पिसवा, धुळीतले बारीक किडे, बुरशी हीसुद्धा कारणं असतात. ऑगस्टमध्ये आपल्याकडे कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी धरते, तिथे बॉक्सरच्या त्या विरळ केसांच्या पोटाचं काय होत असेल! खाण्याचीच ॲलर्जी आहे का हे बघायला डॉक्टर निदान ८ आठवडे ठरलेलं एकच खाणं देऊन पाहतात, आणि मध्ये अशी एक काडी पोटात गेली तरी सगळा हिशोब बिघडतो. ब्रूनोच्या डॉक्टरांना त्या काड्यांबद्दल नक्की सांगा, एवढी विनंती.

एक गोष्ट मात्र कबूल करते. पावसात वास राहू नये म्हणून आम्ही फरशी फिनेलने पुसतो. पोटावरची लाली त्याने वाढली असू शकते. तेव्हा हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आता गादी. काडीत चिकन आहे हे कळल्यावर मी काड्या बंद केल्या. त्या जागी गाजर दिलं, सुती दोरीला गाठी मारून दिली. गाजर त्याने दोन मिनिटांत संपवलं. सहाव्या रात्री फोंड्यात धो धो पाऊस, वीज गेलेली, घरची माणसं जवळ नाहीत, आणि रोजची चावायची वस्तू मी काढून घेतलेली. सकाळी दार उघडलं तर शेडभर कापूस आणि मध्ये तो, ओठाला कापूस चिकटलेला, शेपटीचं बुडखं हलवत उभा. जर्मनीत ज्या कुत्र्यांपासून ही जात तयार झाली ते रानडुकराला धरून ठेवायचे, शिकारी येईपर्यंत सोडायचे नाहीत. तोंडात धरणं हे बॉक्सरच्या रक्तातच आहे, आणि तीन वर्षांचा होईपर्यंत तो पोरासारखाच वागतो. ब्रूनो तर दोनच वर्षांचा. आम्ही त्याच्यावर आवाजसुद्धा चढवला नाही. घरी तो काही चावत नसेलही, पण तुमच्या चिठ्ठीत तर दुसरंच लिहिलंय.

पाचव्या दिवशीच तुम्हाला फोन करायला हवा होता. तुमच्याकडे देवकार्य चाललेलं, उगाच काळजी कशाला लावायची, असा विचार केला आणि गेटवर खेळतानाचे फोटो तेवढे पाठवत राहिलो. तुम्हाला तो लपवाछपवीचा प्रकार वाटला असेल तर ते मी समजू शकते.

आमच्यासारख्यांचा वर्षाचा खर्च चवथ, दिवाळी आणि डिसेंबर या तीन मोसमांवर चालतो. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून दिवाळीची दोन बुकिंगं रद्द झाली. एकांनी फोनवर सरळ विचारलं, 'तुम्ही ॲलर्जीवाल्या कुत्र्याला चिकन घालता ना?' माझे मिस्टर कधी कुणाला उलटून बोलत नाहीत, तेसुद्धा त्या दिवशी जेवले नाहीत.

यापुढे सामान घेतानाच सगळी पाकिटं वाचून घेणार आहोत. फिनेलचंही काहीतरी बघतोय, बाकी सुधारणा हळूहळू करू. गादीचे ९०० रुपये आज तुम्हाला परत पाठवलेत. रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही, फक्त त्यातलं चिकनचं वाक्य बदललंत तर उपकार होतील. ब्रूनोची गाठी मारलेली दोरी इथेच राहिलीय, धुऊन वाळवून ठेवली आहे. फोंड्याला कधी आलात तर घेऊन जा.