आत्याची म्हैस

सकाळीच घरच्या ग्रुपवर काकांचा फॉरवर्ड. महापुराची गोष्ट, मनूची नाव, तिला ओढणाऱ्या माशाचं शिंग, आणि खाली ठळक अक्षरांत: 'साऱ्या जगानं आपलीच गोष्ट चोरली.' त्यावर पुण्यात शिकणाऱ्या भाच्याचं उत्तर: 'उलटं आहे आजोबा, आपणच बाबिलोनकडून ढापली.' मग दुपारपर्यंत नुसते अंगठे आणि हसणारे चेहरे. डबा खाताना वाचलं अन् डोकं फिरलं. पुराची चोरी करतं का कोणी बाप्पा?

माझी आत्या नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडची. जुलै १९९१ मध्ये वर्धा नदी गावात शिरली, तेव्हा ती तिथेच होती. आपल्या इकडच्यांना मोवाड काय सांगायचं. मी लहान असताना ती एवढंच सांगायची: गोठ्यात म्हैस रेकली, 'हे' उठले, पाहतात तं पाणी. पोरं उचलली, शेजारच्या माडीवर चढलो. संपलं.

मी दहावीत गेलो तोवर म्हैस तीनदा रेकायला लागली होती. माझ्या लग्नात ती आत्याला नावानं हाक मारत होती. आता ती लक्ष्मी आहे, साक्षात.

हसू नका. शतपथ ब्राह्मणात मनूच्या हात धुवायच्या पाण्यात येतो तो नुसता मासा. महाभारतात तोच मासा म्हणतो, मी ब्रह्मा. मत्स्यपुराणात तो विष्णू झालेला असतो. माशाला शतकं लागली, आत्याच्या म्हशीला तीस वर्षं. बाबिलोनच्या गिल्गमेशच्या गोष्टीतला पुराची खबर देणारा देव तर माणसाशी सरळ बोलतही नाही, बोरूच्या कुडाला सांगतो, ऐक रे कुडा. आतल्यानं समजून घ्यायचं.

बरं, भाच्याचं थोडं मान्य. १८७२ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज स्मिथनं इराकातल्या निनेवेहून आलेल्या मातीच्या पाट्या वाचल्या, तर बायबलमधल्या नोहाचा कावळा आणि पारवा तिथे आधीच उडत होते. इतकं हुबेहूब आपोआप जुळत नाही. ती उसनवारी आहे.

पण मग गोंडांचा पूर्वज-नायक लिंगो, त्याच्या गोंडी गाण्याचं काय? त्यात पुराच्या पाण्यात मगर दगा देते आणि कासव गोंडांना पार नेतं. ज्या गोंड राजा बख्त बुलंद शाहनं हे नागपूर वसवलं, त्याच्या लोकांची ही गोष्ट. काकांना ती ठाऊक नाही, भाच्यालाही नाही. दोघांनाही बाबिलोन ठाऊक आहे! ते गाणं इथे राहून टिपून घेणारे मिशनरी हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना पूर आलेल्या नाल्यातच बुडाले. यावर कोणी फॉरवर्ड नाही करत.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी आमच्या तळमजल्यात आली. आम्हाला कोणी उठवलं? मासा नाही, कूड नाही, ज्यांचं कामच उठवायचं आहे त्यांचा मोबाइलवर एक मेसेज नाही. बायकोनं पलंगावरून पाय खाली टाकला तो थेट पाण्यात. अजून संताप होतो लिहिताना.

तेव्हापासून मला वाटतं, वाचलेल्या माणसाला आपण उगाच वाचलो, शेजारचा उगाच गेला, हे सोसतच नाही. कोणीतरी आपल्याला सांगितलं होतं, असं त्याला लागतंच. मग ते टायग्रिसकाठी असो की वर्धेकाठी. विद्वान याला काय म्हणतील ते म्हणोत.

जाऊ द्या. काका पंच्याहत्तरीचे आहेत, त्यांना तरी किती बोलणार.

मागच्या दिवाळीला आत्याकडे गेलो होतो. ती वाती वळत बसली होती, गोष्ट पुन्हा सुरू झाली, हाक मारणारी म्हैस वगैरे. मी सहज विचारलं, "आत्या, मग म्हशीचं काय झालं?" इतक्या वर्षांत हे आमच्यापैकी कोणी विचारलंच नव्हतं.

तिचे हात थांबले.

"दावं सोडाचं राहून गेलं ना बाबू."