नळ पोर्ट करता येत नाही

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच मेसेज तिसऱ्यांदा फिरून आला. मथळा, ‘सरकारी ते निकामी, खासगी ते चोख’. खाली चार मुद्दे: बीएसएनएल बघा आणि जिओ बघा, नागपूरचं पाणी कंपनीनं सुधारलं, कंपनी स्वतःचा पैसा ओतते, तेव्हा वीज-पाणी एकदाचं विकून टाका, कटकट मिटेल. त्याखाली अंगठ्यांची रांग. पाठवणारे काका भले आहेत, गणपतीची वर्गणी तेच गोळा करतात, म्हणून दोनदा गप्प बसलो. तिसऱ्यांदा राहवलं नाही.

‘बीएसएनएल बघा आणि जिओ बघा.’ बघितलं. जिओ आवडलं नाही तर नंबर तोच ठेवून दुसरीकडे जाता येतं, आणि हे कंपनीलाही ठाऊक असतं. नळ पोर्ट करता येत नाही. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत पाण्याचा पाइप एक, विजेची तार एक. शेजारून दुसरी कंपनी दुसरा पाइप टाकणार नाही. दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागं जावं लागतं, तिथं पाइप कुठून टाकणार? मालक कुणीही असो, गिऱ्हाईक खुंट्याला बांधलेलंच. फोनचा दाखला इथं लागूच पडत नाही.

‘नागपूरचं पाणी कंपनीनं सुधारलं.’ अर्धं खरं. मार्च २०१२ पासून शहराचं पाणी ऑरेंज सिटी वॉटर चालवते, २५ वर्षांच्या करारावर. काही भागांत सडलेल्या जोडण्या बदलल्या, दाब वाढला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पाणी पेंच-कन्हानचं, टाक्या आणि शुद्धीकरण केंद्रं महापालिकेच्या मालकीची, पाणीपट्टीचे दरही महापालिकेचेच. कंपनी चालवते, मालक नाही. शिवाय पाच वर्षांत शहरभर चोवीस तास पाणी द्यायचं ठरलं होतं. ती मुदत २०१७ मध्ये उलटून गेली, कडेच्या वस्त्यांत उन्हाळ्यात टँकर फिरतातच.

‘कंपनी स्वतःचा पैसा ओतते.’ याच योजनेचा खर्च सुमारे ३८८ कोटी रुपये होता. त्यातले ७० टक्के जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर-विकास योजनेचं अनुदान, म्हणजे केंद्राचे ५० आणि राज्याचे २०. कंपनीचे ३०. तेही काही थोडे नाहीत, पण याला ‘ओतणं’ म्हणायचं तर निम्म्याहून जास्त बादली आपलीच होती.

आता शेवटचा मुद्दा, ‘विकून टाका’. इथं काकांची स्मरणशक्ती दगा देते, कारण विजेचं हे नाटक आपल्याच शहरात होऊन गेलं आहे.

मे २०११ मध्ये महावितरणनं महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स हे तीन विभाग फ्रँचायझीला, म्हणजे खासगी कंपनीला चालवायला दिले, १५ वर्षांसाठी. कंपनीचं नाव एसएनडीएल. आधी स्पॅन्कोची, मग एस्सेल समूहाकडे गेलेली. काँग्रेसनगर विभाग महावितरणकडेच राहिला. म्हणजे एकाच शहरात दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी. औरंगाबाद आणि जळगावलाही २०११ मध्येच हा प्रयोग सुरू झाला. पहिला २०१४ मध्ये गुंडाळला, दुसरा २०१५ मध्ये. भिवंडीत मात्र २००७ पासून टोरंट कंपनीनं विजेची गळती झपाट्यानं खाली आणली आणि ती तिथं टिकलीही. हे सांगितलं नाही तर मीही काकांसारखाच होईन.

नागपुरात काय झालं? २०१९ मध्ये एस्सेल समूह कर्जात रुतला, महावितरणची देणी थकली, आणि पुढं चालवणं जमत नाही असं कंपनीनंच कळवलं. सप्टेंबरमध्ये महावितरणनं तिन्ही विभाग परत घेतले. १५ वर्षांचा करार साडेआठ वर्षं व्हायच्या आतच संपला.

आणि महालात दिवे गेले नाहीत. का? कारण खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर विकलेच नव्हते. ते महावितरणचेच होते, कंपनीकडे फक्त चालवायला दिले होते. काकांच्या सल्ल्यानं विकले असते, तर ते कर्ज देणाऱ्यांच्या तारणात गेले असते, आणि आमची डीपी, म्हणजे गल्लीची विजेची पेटी, कुणाच्या ताब्यात याचा निकाल लागेपर्यंत आम्ही कुणाकडे जायचं?

डीपीवरून आठवलं. २०२२ च्या मे महिन्यात रात्री अकराला सगळ्या गल्लीचे कूलर बंद पडले. लोडनं जंपर उडाला होता. कंदिलासारखा मोबाइल दातात धरून शिडीवर चढलेला लाइनमन मी ओळखला. कंपनीच्या काळातही हाच यायचा. विचारलं, फरक काय पडला? म्हणाला, ‘‘शर्ट नवं भेटलं ना भाऊ. डीपी तेच आहे.’’ तोही कंत्राटावरचाच. सरकारी माणूस काम करत नाही, खासगी करतो, असल्या वाक्यांत हा कुठल्या रकान्यात बसतो ते काकांनी सांगावं.

पॅरिसनं शहराचं पाणी २०१० मध्ये कंपन्यांकडून पालिकेकडे परत घेतलं, आणि त्यातली एक कंपनी होती व्हिओलिया. नागपूरच्या करारातली भागीदारही तीच. परत घेता आलं, कारण करार संपण्याची तारीख होती. विक्रीला तारीख नसते.

आता थोडं दुसऱ्या बाजूला. ‘कंपनीनं विजेचे दर वाढवले’ हा मेसेजही खोटाच आहे. दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. काँग्रेसनगरला जो दर, तोच महालाला. बिल वाढलं ते बऱ्याचदा मीटर बदलल्यावर, कारण जुना मीटर मंद होता. आमच्या घरी तेच झालं. आम्ही महिनाभर कंपनीला शिव्या घातल्या, आणि जुन्या मीटरनं आपली किती वर्षं सोय केली हे कुणी बोललं नाही.

आणि सरकारी मालकी म्हणजे आपोआप आपली, असंही नव्हे. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाचा कारभार. पाइप शहराचे, पण त्या काळात पाण्यासाठी सभागृहात भांडायला नगरसेवक एकही नव्हता. त्यावर काकांनी मेसेज बनवला असता, तर पहिला अंगठा माझा होता.