‘दीड हजार गोळ्यांत बॅरल संपले’ या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या कार्यशाळेत बसवून घेतलेल्या ६.५ क्रीडमूर काडतुसाच्या बॅरलविषयी, म्हणजे रायफलच्या नळीविषयी, आपण मराठीत सविस्तर अभिप्राय लिहून दोन तारे दिले आहेत. टेक्सासमधले अनेक मराठी नेमबाज तो वाचतील, म्हणून उत्तरही येथेच आणि मराठीतच देत आहे. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे: आम्ही दोन ते अडीच हजार गोळ्यांचे आयुष्य सांगितले होते, पण दीड हजारांतच शंभर यार्डांवरचा ग्रुप (गोळ्यांच्या खुणांचा पसारा) अर्ध्या इंचावरून दीड इंचावर गेला, त्याअर्थी पोलाद मऊ निघाले असले पाहिजे, लष्करी रायफली याहून कितीतरी वेगाने चालतात आणि तरीही टिकतात, शिवाय पुण्यात .२२ रायफलने आपण अनेक वर्षे सराव केलात, तेव्हा बॅरल बदलण्याची वेळ कधी आली नाही. बॅरल विनामूल्य बदलून मिळावे, ही आपली मागणी आहे.

रायफल आपण तपासणीसाठी पाठवलीत याबद्दल आभार. तिचे बॅरल मी स्वतः बोअरस्कोपने (नळीच्या आत पाहण्याच्या बारीक उपकरणाने) मागून पुढपर्यंत पाहिले. काडतूस बसते ते चेंबर संपून गोळीला फिरकी देणारा पीळ जेथे सुरू होतो त्या भागाला आपण सगळे थ्रोट म्हणतो. तेथे पोलादाच्या पृष्ठभागावर, तळे आटल्यावर गाळाला पडतात तशा भेगांचे जाळे आहे. पिळाच्या उंचवट्यांच्या कडा तेथे गोलावल्या आहेत, आणि बॅरल बसवताना आम्ही नोंदवलेल्या मापाशी ताडून पाहता पीळ आता एक दशांश इंचाहून अधिक पुढे सरकला आहे. भेगा पुढे चार-पाच इंचांपर्यंत विरळ होत जातात आणि मग थांबतात. तोंडाकडच्या शेवटच्या काही इंचांत मात्र पिळाच्या कडा नव्याइतक्या धारदार आहेत, इतक्या की कारखान्यात बॅरल आतून घासताना उमटलेल्या बारीक रेषाही तेथे अजून दिसतात.

पोलाद मऊ होते की नाही, या प्रश्नाचे उत्तर या दोन टोकांच्या फरकातच आहे. बॅरल एकाच अखंड सळईतून कोरलेले असते. मूळ धातूच मऊ असता तर झीज सगळीकडे दिसली असती, आणि गोळीच्या घर्षणाने ती झाली असती तर तोंडाकडे सर्वांत जास्त दिसली असती, कारण गोळीचा वेग तेथे सर्वाधिक असतो. तरीही खात्रीसाठी आम्ही दोन्ही टोकांना कठीणपणा मोजला. तो रॉकवेल सी मापावर २८ ते ३२ या अपेक्षित टप्प्यातच आहे. जेथे सर्वांत गरम वायू सर्वांत जास्त दाबाने पोलादाला भिडतो, नेमकी तेथेच झीज झाली आहे. हे काम उष्णतेचे आहे.

ती उष्णता नेमके काय करते हे जरा विस्ताराने सांगतो, कारण दुकानात येणाऱ्या बहुतेक मंडळींची समजूत अशी असते की बॅरल गोळ्यांच्या संख्येने झिजते आणि त्या किती घाईने झाडल्या याला महत्त्व नाही. काडतुसातली दारू जळताना वायूचे तापमान अडीच ते तीन हजार अंश सेल्सियसच्या घरात जाते, आणि पोलाद तर दीड हजारांच्या आतच वितळते. बॅरल वितळत नाही, कारण हा मारा केवळ काही मिलिसेकंद टिकतो आणि मागचे थंड पोलाद ती उष्णता ओढून घेते. पण पृष्ठभागाचा अगदी पातळ थर तेवढ्या क्षणात हजार अंशांच्या आसपास तापून लगेच निवतो. प्रत्येक गोळीला तो प्रसरण पावतो, आकसतो, वायूतला कार्बन आणि नायट्रोजन शोषून ठिसूळ होतो आणि अखेरीस तडकतो. एकदा तडे गेले की पुढचा वायू त्यांत शिरून कडा खातो आणि गोळी सुटलेले कण पुढे ओढून नेते. आता मागचे पोलादच आधी तापलेले असेल, तर तो थर त्याच गोळीला अधिक उंच तापमान गाठतो आणि निवायला अधिक वेळ घेतो. म्हणून सावकाश झाडलेली विसावी गोळी आणि घाईत झाडलेली विसावी गोळी बॅरलच्या दृष्टीने सारखी नसते.

आपल्याच सरावाचा ढोबळ हिशेब मांडतो. आपल्या काडतुसात सुमारे ४२ ग्रेन, म्हणजे २.७ ग्रॅम दारू असते आणि ती जळताना साधारण दहा किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. तिचा पाव ते तृतीयांश भाग उष्णतेच्या रूपाने बॅरलमध्ये जातो. एक किलो पोलाद एका अंशाने तापायला साधारण अर्धा किलोज्यूल लागतो आणि आपले बॅरल दोन किलोंच्या आसपास आहे. म्हणजे दर गोळीला संपूर्ण बॅरल सरासरी अडीच ते तीन अंशांनी तापते. आपण अभिप्रायात लिहिले आहे की दहा गोळ्यांची दोन मॅगझिन सलग, चार मिनिटांच्या आत रिकामी करणे हा आपला नेहमीचा सराव होता, आणि तोही जुलैच्या उन्हात. अडतीस अंशांच्या हवेत त्या वीस गोळ्यांनंतर बॅरलचे सरासरी तापमान शंभर अंशांना टेकते, आणि थ्रोटच्या आतल्या बाजूला ते त्याहून जास्त असते, कारण इतक्या कमी वेळात उष्णता पूर्ण जाडीत पसरूच शकत नाही. साठ अंशांच्या पुढे तर बॅरलवर हात ठेववत नाही. जाड बॅरल उशिरा तापते तसेच उशिरा निवते. दहा मिनिटांनी पुढचे मॅगझिन लावले, तर ती सुरुवात थंड बॅरलवरची नसते. आवाज दाबणाऱ्या सप्रेसरमुळेही पुढच्या टोकाला उष्णता साठून राहते.

त्यात भर दारूच्या मात्रेची. १४० ग्रेनची गोळी चोवीस इंची बॅरलमधून सेकंदाला सुमारे २,७०० फूट वेगाने जावी, असा कारखान्यात भरलेल्या काडतुसांचा हिशेब असतो. आपण घरी भरलेली काडतुसे सव्वीस इंची बॅरलमधून २,८५० फुटांवर नेली होतीत. दोन इंचांच्या लांबीने पन्नासएक फूट मिळतात. उरलेले शंभर फूट वाढीव दारूतून आणि दाबातून आले, आणि त्यांची किंमत थ्रोटने मोजली.

पुण्यातल्या अनुभवाविषयी आपले म्हणणे शब्दशः खरे आहे, पण त्याचे कारण वेगळे आहे. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले, तो प्रकार .२२ रिमफायर या छोट्या काडतुसाचाच. त्या काडतुसात दारू दीड ग्रेनच्या आसपास असते, दाब निम्म्याहूनही कमी असतो आणि गोळी शिशाची असते. ६.५ क्रीडमूरच्या नळीचे छिद्र क्षेत्रफळाने त्याहून जेमतेम चाळीस टक्के मोठे, पण त्यातून जाणारी दारू पंचवीस-तीस पट. छिद्राच्या मानाने दारू किती, यावरच आयुष्य ठरते. १९५२ सालच्या .३०८ विंचेस्टर काडतुसाची पुंगळी (दारू भरायचे पितळी आवरण) मानेशी आवळून १९५५ मध्ये .२४३ विंचेस्टर तयार झाले. पुंगळी जवळपास तीच, दारूही तितकीच, छिद्र तेवढे लहान. .३०८ चे बॅरल पाच हजार गोळ्यांपर्यंत सहज नेम धरते, .२४३ चे दीड हजारांच्या आसपास थकते.

लष्कराने उष्णतेपुढे कधी डोळेझाक केली नाही, उलट तिच्यासाठी सोय केली. पहिल्या महायुद्धातल्या विकर्स मशीनगनच्या बॅरलभोवती चार लिटर पाण्याची टाकी असे. जर्मन एमजी ४२ चे बॅरल काही सेकंदांत बदलता येत असे, आणि ते वारंवार बदलावेच लागे. अमेरिकी एम२४० चा जलद मारा मिनिटाला दोनशे गोळ्यांचा असेल, तर दर दोन मिनिटांनी बॅरल बदलावे, असे प्रशिक्षण आहे. एम४ कार्बाइनला सतत चालवण्याची मर्यादा मिनिटाला बारा ते पंधरा गोळ्या इतकीच सांगितलेली असते. तिच्या बॅरलला आतून क्रोमचा मुलामा असतो आणि शंभर यार्डांवर चार इंचांचा ग्रुप लष्कराला चालतो. आपल्याला अर्धा इंच हवा असतो, म्हणून आपल्या बॅरलमध्ये तो मुलामा नसतो. त्याची जाडी सर्वत्र सारखी राखणे अवघड असते आणि नेमावर त्याचा परिणाम होतो.

आयुष्याचा जो आकडा आम्ही दिला, तो आपल्या पावतीवर एका अटीसह छापलेला आहे: कारखान्याच्या मर्यादेतला वेग, आणि सलग दहा गोळ्यांनंतर बॅरल हाताला सोसवेल इतके निवेपर्यंत विश्रांती. ही अट आम्ही आपल्यावर पाळत ठेवण्यासाठी घालत नाही. प्रिसिजन रायफलच्या स्पर्धेत दहा गोळ्या ९० सेकंदांत झाडाव्या लागतात आणि तेथे बॅरलचा विचार करायला कोणालाही सवड नसते, हे मी जाणतो. त्यासाठीच बॅरल राखायचे असते. सरावाच्या दिवशी मात्र वेळ आपल्या हातात असतो.

या कारणांमुळे बॅरल विनामूल्य बदलून देता येणार नाही. मागून एक इंच कापून नव्याने चेंबर कोरण्याचा पर्यायही मी तपासला, पण भेगा चार-पाच इंचांपर्यंत गेल्याने तो खर्च आपल्याला करायला लावणे मला पटत नाही. तपासणीचे शुल्क आम्ही घेतलेले नाही. जुने बॅरल आणि बोअरस्कोपची सर्व छायाचित्रे रायफलसोबत परत पाठवत आहोत. ती आपण कोणत्याही स्वतंत्र गनस्मिथला (बंदुकीच्या कारागिराला) दाखवावीत. पोलादात दोष असल्याचे त्याने लेखी दिले, तर नवे बॅरल, ते बसवण्याची मजुरी आणि त्या तपासणीचा खर्च आम्ही देऊ.

नवे बॅरल घ्यायचे ठरवलेत, तर एक जाडीने वरचे घ्या आणि वेग २,७५० फुटांच्या पुढे नेऊ नका. दोन सत्रांच्या मधे बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) उघडा ठेवून चेंबरमधून छोट्या पंख्याने हवा खेळवा, आणि तापलेल्या चेंबरमध्ये भरलेले काडतूस थांबवून ठेवू नका; त्यातली दारू तापून दाब वाढतो आणि गोळी वर लागते. जलद सराव आपल्याला आवश्यक आहे हे मान्य आहे, पण तो आपल्या ओळखीच्या .२२ वर, याच स्टॉकच्या (दस्त्याच्या) आकाराची रायफल घेऊन करता येईल. तशी रायफल जुळवण्यासाठी आपण स्टॉकची मापे पाठवलीत, तर त्या आठवड्यातच अंदाजपत्रक देतो.

आपला,
कार्यशाळेचा मालक