तुला कसं कळलं?

सहा वर्षांच्या लेकीला मी रहस्यकथा वाचून दाखवते, हे कळल्यापासून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद पेटलाय. मावशीने लिहिलं, "एवढ्याशा पोरीला चोर-पोलीस कशाला? उद्या जो-तो चोर दिसेल तिला." इथे परदेशात शाळेनेच गुप्तहेराच्या खेळासाठी वर्गभर भिंगं वाटलीत.

मला दोन्हीकडचं अर्धंच पटतं. शाळेतल्या खेळाचं उत्तर बाईंच्या पाकिटात आधीच बंद असतं. पोरं तपास कसला करतात, बाईंच्या मनातलं ओळखतात! आणि मावशीची भीतीही अगदीच पोकळ नाही.

परवा पॅसेजमध्ये पाणी सांडलं होतं. त्यात मोजा भिजल्याबरोबर लेकीने निकाल दिला, "दादाने सांडलं."

"कशावरून?"

"तोच नेहमी सांडतो."

मग आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून थेंबांचा माग काढत निघालो. थेंब दादाच्या खोलीकडे गेलेच नाहीत, खिडकीकडे वळले. तिथे कुंडीखालची ताटली काठोकाठ भरून वाहत होती. सकाळी झाडाला पाणी कोणी घातलं? मी. गुन्हेगार आईच निघाल्याचा आनंद तिला दिवसभर पुरला. दादाची माफी मागायचं मात्र राहूनच गेलं.

म्हणून मी सुरुवात चोरापासून करत नाही; काय झालं आणि कशामुळे, एवढंच शोधायचं. लबाडीच्या गोष्टी जरा पुढच्या. १९८३ साली विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एक गोष्ट सांगितली: मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून जातो, मागे आई ते दुसरीकडे हलवते, परतल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं सहसा चॉकलेट खरंच जिथे आहे ती जागा दाखवतात. त्याला हे ठाऊकच नाही, हे साधारण चार-पाचच्या पुढे उमगू लागतं. त्याआधी रहस्यकथेतली फसवणूक कळणार कशी?

ग्रुपवरच्या वादात मला खरी अडचण वेगळीच दिसते. पोराने कोडं सोडवलं की कौतुक, तेच पोर मोठ्यांना "कशावरून?" म्हणालं की उद्धट.

रविवारी व्हिडिओ कॉलवर आजोबा म्हणाले, "गोळ्या वेळेवर घेतो हो मी."

"मग पट्टीतल्या सगळ्या तशाच कशा, आजोबा?"

आजोबांनी टेबलावरची पट्टी हळूच चष्म्याच्या घराखाली सरकवली.